काय वाचूलालास? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्यात एक जाड हिशेबाची वही फिरते. शहापुरातल्या एका घराच्या सोप्यात महिन्यातून एकदा पंधरा-वीस वाचणारी माणसं जमतात, त्यांची ही वही. तिच्यात तीनच रकाने आहेत : काय वाचतोय, कितव्या पानावर आहे आणि वाचून झाल्यावर कुणाला द्यावंसं वाटतं. तिसरा रकाना रिकामा ठेवता येत नाही. ‘सगळ्यांनी वाचावं असं’ लिहिलं तर आम्ही खोडतो, कारण सगळ्यांनी वाचावं असं पुस्तक शेवटी कुणीच घरी नेत नाही. माणूस लिहायचा आणि कारणही : ‘पिरनवाडीच्या मास्तरांना, बदली झालीय म्हणून.’ खानापूर, चंदगड, निपाणीहून फोनवर तेच तेच प्रश्न येतात, ते इथं लिहून ठेवतोय. उत्तरं माझी आहेत. सोप्यातली निम्मी माणसं त्यातल्या निम्म्यांवर वाद घालतील.

सध्या वहीत सगळ्यात जास्त वेळा कुठलं नाव येतंय?

प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. पुस्तक १९९४ सालचं, पण २०२४ मध्ये ‘लंपन’ ही वेब मालिका आली आणि ज्यांनी ते कधी हातात धरलं नव्हतं तेही मागू लागले. आमच्या प्रतीचं खाकी कव्हर तेव्हापासून दोनदा बदलून झालं. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे सीमाभागातल्या गावात वाढणारा लंपन नावाचा मुलगा, एवढीच गोष्ट. पण त्या मुलाला दिसणारे रस्ते, शाळा, पाऊस आपले आहेत. आपल्या गावचं नाव छापून आलं की आपण बातमी वाचतो. इथं नाव न सांगताही गाव ओळखू येतं, आणि त्याची चव वेगळी.

लंपनची पुस्तकं चार, त्यांचा क्रम मोडू नका : ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि मग ‘झुंबर’. मधलंच उचलून वाचणाऱ्यांना मी अडवत नाही, पण ‘झुंबर’ मात्र शेवटीच.

एक इशारा. मुलांचं पुस्तक म्हणून लोक ते बारा वर्षांच्या पोराला आणून देतात. पोरगं दहा पानांत कंटाळतं, आणि आठवड्यानं पुस्तक बापाच्या उशाखाली सापडतं. हे मी चार घरांत बघितलंय.

आमच्या पुण्याच्या सूनबाईंना त्यातलं मराठी अडतं. काय करायचं?

मोठ्यानं वाचून दाखवा. आपली बोली डोळ्यांना अडते, कानांना अडत नाही. कन्नडचा हेल, ‘की’नं संपणारी वाक्यं, ‘मी येतो’ म्हणून निघणाऱ्या बायका, हे सगळं आवाजात आलं की लगेच उलगडतं. सुरुवातीला पुलंच्या ‘गणगोत’मधले ‘रावसाहेब’ वाचा. पुलं काही काळ बेळगावात प्राध्यापक होते, त्यामुळे त्या लेखातलं बेळगाव ऐकीव नाही. सूनबाई हसल्या की ‘वनवास’ द्या. हसल्या नाहीत तर चहा द्या आणि विषय बदला.

जी. ए. वाचायचेत, पण भीती वाटते. कुठून सुरू करू?

हा प्रश्न दर महिन्याला येतो आणि दर महिन्याला त्यावर भांडण होतं. एक बाजू म्हणते ‘काजळमाया’नंच सुरुवात करा, माणूस बुडला तर बुडला. मी दुसऱ्या बाजूचा.

जी. ए. कुलकर्णी आपल्या जिल्ह्यातले, चिकोडीकडच्या एकसंब्याचे. शिक्षण बेळगावात, आयुष्यभराची नोकरी धारवाडला, इंग्रजीचे प्राध्यापक म्हणून. तेव्हा आधी ‘माणसे : अरभाट आणि चिल्लर’ घ्या. त्यात आठवणींच्या अंगानं माणसं येतात, आणि लिहिणाऱ्याचा आवाज ओळखीचा होतो. मग ‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ या सुरुवातीच्या संग्रहांतल्या कथा. घरं, गल्ल्या, कर्ज, आजारपण, अपमान, सगळं आपल्या पायाखालच्या मातीतलं. एवढं झालं की ‘पिंगळावेळ’ आणि ‘रमलखुणा’. ‘रमलखुणा’त दोनच दीर्घ कथा आहेत, ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’. त्या बसमध्ये वाचू नका. आमच्या एका मित्रानं लोंढ्याला जाताना ‘इस्किलार’ उघडली आणि उतरायचं विसरून पुढं गेला, असं तो सांगतो. खरं-खोटं तोच जाणे.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद निघाल्यावर जी. एं.नी तो परत केला, हे पुष्कळांना माहीत असतं. त्यांनी लहान मुलांसाठी ‘बखर बिम्मची’ लिहिली, हे मात्र फार थोड्यांना. ज्यांना भीती वाटते त्यांनी तिथून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही. मुंगीशी, पक्ष्यांशी बोलणारं ते पोर वाचलं की जी. ए. म्हणजे नुसता अंधार ही समजूत जाते.

‘स्वामी’ मागितलं होतं, भलतंच हातात आलं!

आलं असेल. रणजित देसाईंची ‘स्वामी’ ही माधवराव पेशव्यांवरची कादंबरी, १९६२ ची. जी. एं.ची ‘स्वामी’ ही ‘पिंगळावेळ’मधली कथा, मठात अडकवलेल्या माणसाची. एका काकूंनी पहिली समजून दुसरी नेली. रमा-माधव शोधत त्या भुयारात शिरल्या. परत करताना एवढंच म्हणाल्या, “असलं रात्री देऊ नका की हो.” तेव्हापासून वहीत लेखकाचं नाव लिहिणं सक्तीचं आहे.

‘छावा’ सिनेमा बघून आलो. आता काय वाचू?

आधी मूळ कादंबरी वाचा, शिवाजी सावंतांची. सावंत आजऱ्याचे, म्हणजे शेजारचेच. २०२५ च्या फेब्रुवारीत सिनेमा लागला तेव्हा ‘छावा’साठी आमच्याकडं रांग लागली होती, कॉलेजची पोरं, जी एरवी मोबाइलवरून मान वर काढत नाहीत, ती जाडजूड कादंबरी घेऊन बसली. चांगलंच झालं. पण तिथं थांबू नका. कादंबरीनं मन पेटतं, त्यानंतर कागदपत्रं बघायची असतात. वा. सी. बेंद्रे यांचा ‘छत्रपती संभाजी महाराज’ (१९६०) आणि कमल गोखले यांचा ‘शिवपुत्र संभाजी’ हे दोन ग्रंथ जुने झाले तरी त्यांना वळसा घालून जाता येत नाही. नाटकं-कादंबऱ्यांनी रंगवलेल्या बदफैली राजपुत्राच्या जागी अभ्यासानं दुसरा संभाजी उभा करण्याचं काम ह्या दोघांचं. सलग वाचायची पुस्तकं नाहीत. कादंबरीतला एखादा प्रसंग घ्यायचा आणि ह्यात शोधायचा, असं वाचलं तर मजा येते.

आपल्याच भागातल्या माणसांवरचं काहीतरी सांगा. पण गोडगोड नको.

ह्याचं उत्तर लांब आहे, बसा.

पहिली जोडी : रणजित देसाईंची ‘बारी’ आणि भीमराव गस्तींचं ‘बेरड’. दोन्ही बेरड समाजाबद्दल. देसाई कोवाडचे, कादंबरीकार. ते ह्या समाजाकडं बाहेरून, पण जिव्हाळ्यानं बघतात. रान, घाट, वाटा, इमान आणि सूड, असं सगळं मोठ्या कॅनव्हासवर. गस्ती बेळगावजवळच्या यमनापूरचे आणि त्याच समाजातले. ‘बेरड’ हे त्यांचं आत्मकथन. एखादी चोरी झाली की पोलीस आधी कुणाच्या वस्तीत शिरतात, जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला शिकायचं म्हटलं तर काय मोजावं लागतं, हे त्यात आतून येतं. आधी ‘बारी’, लगेच ‘बेरड’. उलट्या क्रमानं वाचलं तर ‘बारी’ सुंदर चित्रासारखी वाटायला लागते आणि तिच्यावर थोडा अन्यायच होतो. सोप्यात आम्ही ह्या दोन पुस्तकांवर सलग दोन बैठका घातल्या. काकतीकडच्या एका आजोबांनी दुसऱ्या बैठकीत, कधी नव्हे ते, स्वतःच्या लहानपणी गावात काय चालायचं ते सांगितलं. पुस्तकांची नावं बाजूला पडली त्या दिवशी.

दुसरं नाव राजन गवस. ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’. सौंदत्तीची यल्लम्मा आपल्याच जिल्ह्यात. पौर्णिमेला गाड्या भरून जाणारे आपलेच लोक. देवाला सोडलेल्या मुलींचं आणि जोगत्यांचं काय होतं हे आपण रस्त्यात बघतो आणि चार आणे टाकून पुढं जातो. ही पुस्तकं पुढं जाऊ देत नाहीत. ‘तणकट’ला साहित्य अकादमी पुरस्कार आहे, तीही घ्या, पण पहिल्यांदा ‘चौंडकं’.

तिसरे निपाणीचे महादेव मोरे. पिठाची गिरणी चालवत लिहिणारा हा माणूस २०२४ मध्ये गेला. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, गॅरेजातली पोरं, ड्रायव्हर-क्लीनर, हमाल. निपाणीचं हे जग त्यांच्याइतकं कुणी लिहिलं नाही. अडचण एवढीच की त्यांची पुस्तकं दुकानात सहज दिसत नाहीत. मिळेल ते उचला, निवड करत बसू नका. जुन्या ग्रंथालयात कपाटाच्या खालच्या खणात बघा, तिथं मोरे सापडतात.

आनंद यादवांची ‘झोंबी’ विचारणारे असतात. कागल म्हणजे निपाणीच्या वेशीवरच. ती वाचलेली नसेल तर प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नका, आजच न्या.

कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. कन्नडमधलं चांगलं काय आहे मराठीत?

सीमाभागातल्या निम्म्या घरांची हीच स्थिती. बाजारात कन्नड, घरात मराठी. तुमच्यासाठी उमा कुलकर्णी आहेत. त्या बेळगावच्याच. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवायचे, उमाताई ऐकून मराठीत लिहायच्या. त्यांच्या अनुवादांत बोलण्याचा ओघ राहिला तो ह्यामुळंच असावा, असा माझा आपला तर्क. एस. एल. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’, ‘पर्व’, ‘मंद्र’ त्यांच्यामुळं मराठीत आली आणि मराठीतच लिहिल्यासारखी वाचली गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये भैरप्पा गेले तेव्हा वहीत त्या पानावर सलग सात ओळी ‘पर्व’च्याच आहेत. संगीताचा कान असेल तर ‘मंद्र’ घ्या. कलावंत मोठा आणि माणूस लहान, हे किती टोकाला जाऊ शकतं ते दिसेल. शिवराम कारंतांचं ‘डोंगराएवढा’ छोटं आहे, पावसात दोन दुपारींत होतं. उमाताईंचं आत्मकथन ‘संवादु अनुवादु’ बायका एकमेकींना देतात, आणि देताना हळू आवाजात काहीतरी सांगतात. काय ते मला कळलेलं नाही.

बानू मुश्ताक यांच्याबद्दलही विचारतात. त्यांच्या कन्नड कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ ह्या इंग्रजी अनुवादाला २०२५ चा आंतरराष्ट्रीय बुकर मिळाला. अनुवाद दीपा भास्ती यांचा. कथासंग्रहाला हा पुरस्कार पहिल्यांदाच मिळाला. आमच्यातल्या कन्नड शाळेत शिकलेल्या एका वहिनींनी मूळ कथा समोर ठेवून, जागच्या जागी मराठी करत दोन बैठकांत वाचून दाखवल्या. अडल्या तिथं कन्नड शब्द तसाच ठेवला, कुणालाही अडला नाही.

जाता जाता : द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, लिहिलं कन्नडमध्ये, १९७३ चा ज्ञानपीठ ‘नाकुतंती’ला. त्याच धारवाडात जी. ए. राहिले आणि त्यांनी आयुष्यभर मराठीत लिहिलं. ‘तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे?’ असं विचारणाऱ्याला मी हे दोन पत्ते सांगतो.

पुरस्कार मिळालेली नवी पुस्तकं घ्यावीत का?

पुरस्काराकडं बघून नको, पण अकादमीचे सलग तीन वर्षांचे मराठी पुरस्कार बघा : २०२१ किरण गुरव, ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’, २०२२ प्रवीण बांदेकर, ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’, २०२३ कृष्णात खोत, ‘रिंगाण’. दोघे कोल्हापूरकडचे, एक सावंतवाडीचे. म्हणजे आपल्या आंबोली-आजऱ्याच्या आजूबाजूचाच मुलूख. तिन्हींत मला ‘रिंगाण’ वरचढ वाटते. धरणानं उठवलेलं गाव, मागं राहिलेली म्हैस आणि तिला शोधायला परत निघालेला माणूस. खानापूरच्या जंगलाकडची माणसं ती वाचून गप्प होतात. ‘उजव्या सोंडेच्या बाहुल्या’ मी दोनदा अर्ध्यात सोडली. दोष माझाही असेल.

आज्जीला वाचून दाखवायचंय. डोळ्यांना दिसत नाही तिला.

इंदिरा संतांची ‘मालनगाथा’. जात्यावरच्या ओव्या, बायकांनी रचलेल्या, इंदिराबाईंनी गोळा करून उलगडलेल्या. तुम्ही पहिली ओळ वाचाल, दुसरी आज्जी म्हणेल. आमच्या घरी असंच झालं. आज्जीनं पुस्तकातली ओवी ‘चुकलीय’ म्हणून आपली सांगितली, ती मी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलीय.

इंदिराबाई बेळगावात राहिल्या, इथंच शिकवलं, इथंच लिहिलं. ‘गर्भरेशीम’ला १९८४ चा अकादमी पुरस्कार. लंपनचे लेखक हे त्यांचे चिरंजीव. आईची कविता आणि मुलाची कथा शेजारी ठेवून वाचणं हे आमच्या सोप्यातलं जुनं वेड आहे, त्याबद्दल परत कधीतरी.

मुलं इंग्रजी नाहीतर कन्नड माध्यमात आहेत. मराठी बोलतात, वाचायला नको म्हणतात.

साहजिक आहे. शाळेत जी लिपी रोज समोर नाही ती डोळ्यांना जड जाते. मोठं पुस्तक हातात देऊन ‘आपली भाषा आहे’ असं भाषण देऊ नका. माधुरी पुरंदरे यांची चित्रांची पुस्तकं, ‘राधाचं घर’सारखी, आधी. मग ‘किशोर’ मासिक. बालभारतीचं, १९७१ पासून चालू आहे, आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मग ‘फास्टर फेणे’ किंवा ‘बोक्या सातबंडे’. कन्नड माध्यमाच्या मुलांना हिंदीमुळं देवनागरी येत असते, हे घरचे विसरतात. रोज रात्री अर्धं पान तुम्ही, अर्धं पान पोरगं. गोष्ट ऐन रंगात आली की तुम्हाला झोप आली पाहिजे. बाकीचं पान ते आपलं आपण वाचतं.

पुस्तकं मिळवायची कुठून?

बेळगावात असाल तर गणपत गल्लीतलं सार्वजनिक वाचनालय. एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे आणि तिथं जुन्या पुस्तकांची अशी नावं सापडतात जी प्रकाशकांनाही आठवत नसतील. विकत घ्यायचं असेल तर हिवाळ्याची वाट बघा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी, कारदगा इथं गावोगाव मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते आणि मांडवाबाहेर पुस्तकांचे स्टॉल लागतात. भाषणं ऐकून मग स्टॉलकडं जाऊ म्हणाल तर चांगलं सगळं उडालेलं असतं. दिंडी निघाली की थेट स्टॉलवर जा. सरस्वती रागावत नाही.

ऑनलाइन मागवत असाल तर जून ते सप्टेंबर जपून. एका कंपनीकडून मागवलेली ‘पर्व’ मला जुलैत भिजून आली, उन्हात वाळवली तर पापडासारखी फुगली. पैसे परत मिळाले नाहीत. अजून ती कपाटाच्या दाराला अडते.

पीडीएफ आहे का?

नाही. जी. ए. १९८७ ला गेले, रणजित देसाई १९९२ ला. आपल्याकडं लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. साने गुरुजी १९५० ला गेले. ‘श्यामची आई’ आता मुक्त आहे. फुकट वाचायचं तर मराठी विकिस्रोतावर जा, तिथं हक्क संपलेली पुस्तकं रीतसर आहेत. महादेव मोऱ्यांसारख्या लेखकाची चोरून स्कॅन केलेली प्रत फिरवणाऱ्याला आम्ही चहा देत नाही.

दिवाळी अंकांचं काय?

सहा जणांनी वर्गणी काढून सहा अंक, दर आठवड्याला अदलाबदल. कुठले सहा, ह्यावरून मैत्री तुटू देऊ नका.

सीमाप्रश्नावर वाचायचंय, भाषणं ऐकून कंटाळा आला.

दीपक पवार यांनी संपादित केलेला ‘महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद : संघर्ष आणि संकल्प’ हा ग्रंथ महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये काढला. बाजू उघड आहे, पण कागदपत्रं आणि जुने लेख एका जागी मिळतात. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात झाला, अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर, तिथून सुरुवात करून पुढं या. २००० सालच्या बेळगाव संमेलनाचे अध्यक्ष य. दि. फडके होते, त्यांचं लेखनही शोधा. इतिहासकार असल्यामुळं ते आवाज न चढवता लिहितात.

पुस्तकांबद्दलचं पुस्तक?

सतीश काळसेकरांची ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’, नितीन रिंढे यांचं ‘लीळा पुस्तकांच्या’. दोन्ही धोकादायक. वाचून झाल्यावर घरात जागा राहत नाही.

पुस्तक नेलं तर कधी परत द्यायचं?

वहीत महिना लिहिलाय. कुणी पाळत नाही. ‘वनवास’ची आमची पहिली प्रत कुणीतरी नेली ती गेलीच, दुसरी आणली. परवा खानापूरहून एसटीनं एक पुडकं आलं, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आत पहिली प्रत, नवं कव्हर घातलेली, आणि मागच्या कोऱ्या पानावर वेगवेगळ्या अक्षरांत अकरा नावं, एकाखाली एक. आमच्यापैकी कुणालाही त्यातलं एकही नाव ओळखीचं नाही. तिसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.